कोरडं लेकरू

मैनाबाई पायरीवर चप्पल काढून आत आली तेव्हा चैतराम टेंभऱ्यांना आधी लसणाचा वास आला आणि मग ती रडते आहे हे दिसलं.

यात चैतरामभाऊंचा दोष नव्हता. टपाल खात्यातून निवृत्त झाल्यापासून त्यांचं नाक आणि पोट एवढंच काय ते पूर्वीच्या तडफेनं काम करत होतं. बालाघाटातल्या आपल्या घराची पुढची खोली त्यांनी अनुसया गजभिये यांना ऑफिसासाठी दिली होती. भाडेकरीण खासगी तपास करते हे कळल्या दिवशीच घरमालकानं तिचा मदतनीस म्हणून स्वतःची नेमणूक करून टाकली. पगार नव्हता, स्कूटरही स्वतःचीच होती. पण अनुसयाताईंनी एकदाही ‘नको’ म्हटलं नव्हतं, एवढ्यावर गडी खूष होता.

"बसा बाई," अनुसयाताई म्हणाल्या. पूर्वी त्या विमा कंपनीसाठी नुकसानीची पाहणी करायच्या. समोरच्याचं रडणं संपेपर्यंत गप्प बसायची सवय तेव्हाची होती. "पानी घ्या. मंग सांगा."

पाणी पिऊन मैनाबाई म्हणाली, "ताई, मी बाहुली नाही बदलवली. माह्या लेकराची आन."

"कोनती बाहुली?"

मैनाबाई मूळची तिरोडीची. भांड्यांचे व्यापारी राजेंद्र लांजेवार यांच्या घरी राहून ती त्यांच्या आईला, रुख्माबाईंना, सांभाळत होती. आजींची आठवण पार विस्कटली होती. त्यांचं पहिलं मूल तान्हेपणीच गेलं होतं. ते तान्हं कुठे ठेवलं म्हणून त्या घरभर शोधत फिरायच्या, शोधता शोधता पडायच्या. डॉक्टरांनी सुचवलं म्हणून राजेंद्रनं गावातच, श्रुतिका रामटेके नावाच्या कारागिणीकडून एक बाहुली करवून घेतली. मऊ सिलिकॉनची, हुबेहूब तान्ह्या बाळाच्या कातडीची.

"अन् आजी थांबली बाप्पा! लेकरू मांडीवर घेतलं का गपगुमान जेवे. मंग बाहुलीचं आंग खराब झालं. श्रुतिकाबाईकडं दुरुस्तीले देल्ली. परवा मी जाऊन आनली. मांडीवर ठेवली तं आजीनं ढकलून देल्ली. म्हने, हे माह्यं नोहे. तवापासून तोंडात घास घेऊन नाही राह्यली."

"अन् राजेंद्रभाऊ काय म्हन्तेत?"

"म्हन्ते, चांगली बाहुली रस्त्यात इकली अन् दुसरी आनून ठेवली. उद्या सकायी घर सोड, नाहीतं ठान्यात नाव देतो." मैनाबाईनं पदर तोंडाला लावला. "नावाचं जाऊ द्या ताई. मी गेली तं आजीले कोन चारंन?"

बाई सच्ची आहे, हे चैतरामभाऊंनी तिथल्या तिथे ठरवलं. अनुसयाताईंनी काहीच ठरवलं नाही. त्यांनी फक्त विचारलं, "आनताना रस्त्यात कुठं थांबली होती का?"

मैनाबाई जरा अडखळली. "गुजरीत उतरली होती. भाजीले."

*

लांजेवारांच्या घरी पोचायला जेवणाची वेळ झाली आणि राजेंद्रभाऊंनी पाहुण्यांना आग्रहानं पाटावर बसवलं. चैतरामभाऊ उत्साहात बसले. पहिल्या घासाला त्यांचा चेहरा पडला. वरण अळणी वाटत होतं, भाजीला चवच नव्हती.

"आमच्या घरी कांदा-लसून नाही," राजेंद्र समाधानानं म्हणाला. पन्नाशीचा, कपाळावर गंध, बोलणं ठाम. "दीक्षा घेतली तवापासून घरात आनूच देत नाही. मन साफ राह्यते."

चैतरामभाऊंनी साफ मनानं पोळी गिळली. डबा स्कूटरच्या डिकीत होता, त्यात मंजूबाईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, दिलेली लसणाची चटणी होती. तिची आठवण त्यांनी मोठ्या निग्रहानं दूर सारली.

जेवण झाल्यावर राजेंद्रनं नवी म्हणवली जाणारी बाहुली आणली. चैतरामभाऊंनी हात पुढे केला आणि घाबरून मागे घेतला. झोपलेलं मूलच होतं ते. पापण्यांवर निळसर शिरा, टाचा लालसर, मनगटावर वळी, टाळूवर विरळ जावळ.

"हात लावा भाऊ," अनुसयाताई म्हणाल्या. "डोये मिटून गालावरून बोट फिरवा. कसं लागते?"

चैतरामभाऊंनी डोळे मिटले. "मऊ हाय. पन बारीक-बारीक टिपके लागून राह्यले. ताई, हसू नका, मले संत्र्याची आठवन आली."

"तुम्हाले सकायपासून खान्याचीच आठवन येऊन राह्यली."

राजेंद्रच्या फोनवर जुन्या बाहुलीचे फोटो होते. अनुसयाताईंनी ते मोठे करून पाहिले आणि समोरच्या बाहुलीचा डावा पाय उचलला. फोटोतल्या बाहुलीची करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली होती. हिचीही तशीच चढलेली होती.

"दिसाले सारखीच हाय," राजेंद्र म्हणाला. "म्हनून तं फसवता आलं ना! पन माह्या आईचा हात फसत नाही."

त्याची बायको पौर्णिमा दाराशी उभी होती. तिचं मत वेगळं होतं. "तीच बाहुली हाय. वरून नवा थर देल्ला तं हाताले येगळी लागनारच. मैनाले काहून दोष देता? आईची तब्येतच जास्त बिघडली. मी तं पयलेच म्हनत होती, नागपूरले त्या वृद्धाश्रमात इचारून पाहा."

"तुम्हाले बाहुली आवडत नव्हती?" अनुसयाताईंनी विचारलं.

"पाहुने आले का सासू सिलिकॉनच्या लेकराले अंगाई गाऊन राह्यली. कोनाले आवडंन?" पौर्णिमा म्हणाली आणि लगेच तिचा आवाज उतरला. "पन जेवत होती हो. तेवढं मले दिसत होतं."

रुख्माबाई मागच्या खोलीत खाटेवर बसल्या होत्या. अनुसयाताईंनी बाहुली हळूच त्यांच्या मांडीवर ठेवली. आजींनी तिला पालथी घातली, पाठीवर तळवा वरून खाली ओढला, दोन्ही हात छातीवर एकमेकांवर आणून सोडले. मग टाळू नाकाशी नेली आणि तोंड वाकडं केलं.

"कोरडं हाय," त्या म्हणाल्या. "हे कोनाचं लेकरू उचलून आनलं? याची माय रडत असंन. देऊन या."

मैनाबाई ताटली घेऊन बसली होती. तिनं घास पुढे केला. आजींनी ओठ घट्ट मिटले आणि भिंतीकडे पाहिलं.

परसात दोरीवर बाहुलीची जुनी झबली वाळत होती. अनुसयाताई त्या झबल्यांपाशी जरा जास्तच थांबल्या. पाठीच्या जागी सगळ्या झबल्यांवर पिवळसर डाग होते, धुऊनही न गेलेले.

"आजीच्या गुडघ्यांले काही चोळता का?" त्यांनी मैनाबाईला विचारलं.

"नाही जी. आजीले गुडघ्याचा तरास नाही," मैनाबाई म्हणाली आणि झबली भराभर ओढून घेतली.

*

श्रुतिकाचं काम घराच्या वरच्या खोलीत चालायचं. दारातच पाटी होती: रबरी हातमोजे आणि खायच्या वस्तू बाहेर.

"डबा खाली ठेवून या काका," ती चैतरामभाऊंना म्हणाली. तिशीची, बोलणं भराभर, अर्धं हिंदीत. "लसूण आहे ना त्यात? प्लीज. आणि हात धुऊन या."

"आता चटनीनं काय घोडं मारलं?" चैतरामभाऊ कुरकुरले.

"सिलिकॉनला गंधक चालत नाही. रबरात असतो, लसणात असतो. जरासा लागला तरी ते सुकतच नाही, चिकट राहून जातं. पूरा माल बरबाद."

चैतरामभाऊ डबा खाली ठेवून, हात धुऊन परत आले. तोवर श्रुतिका रंगात आली होती. आपल्या कामावर तिचा जीव होता, ते लपत नव्हतं.

"दोन पातळ द्रव समसमान मिसळायचे, बस. मग साच्यात. आता अंग झालं, पण ती बाहुलीच. कातडी त्याच्यानंतर. आधी निळा, शिरांसाठी. मग स्पंजनं लाल ठिपके, मग पिवळट झाक. एकेक थर इतका पातळ की खालचा दिसला पाहिजे. रंगसुद्धा सिलिकॉनमध्येच कालवायचे, दुसरा कुठला रंग यावर टिकतच नाही. आणि शेवटचा थर ओला असताना ठसा दाबायचा."

"कशाचा ठसा?"

श्रुतिकानं खिडकीकडे बोट दाखवलं. कट्ट्यावर संत्र्याच्या साली वाळत होत्या. "मोठ्या माणसाच्या नाकागालाला संत्र्याचा. छिद्रं अगदी तशीच उमटतात. पण बाळाला छिद्रं दिसत नाहीत, बारीक रेघांची जाळी असते. आजींच्या बाहुलीसाठी मी माझ्या मुलीच्या पाठीचा ठसा घेतला होता, ती दोन महिन्यांची होती तेव्हा. पायसुद्धा तिचाच. ती करंगळी पाहिली ना चढलेली? साचा तिच्याच पायाचा आहे. अजून माझ्याकडेच आहे."

"अन् पाठीचा ठसा?"

"फाटला. आता ती अंगणवाडीत जाते. तशी कातडी परत कुठून आणू?" ती थोडं हसली. "म्हणून नव्या थराला हलक्या हातानं संत्र्याचाच दिला. थर चढवला की जुन्या रेघा बुजतात ना. म्हणूनच आजींना वेगळी लागत असेल. बाहुली तीच आहे."

"खराबी काय होती तिच्यात?"

"फुगली होती. तुकतुकीत झाली होती, धूळ चिकटत होती. मी घासून धुतली, वरून थर दिला."

"अन् तो बरोबर सुकला? पयल्याच वेळी?"

"हौ. एकदम बढिया." श्रुतिकानं टेबलावरचा स्पंज उगाच सरळ केला. भिंतीशी पाच बाहुल्यांचे साचे मांडले होते. नर्सिंगच्या कॉलेजातल्या सरावासाठी, ती म्हणाली. हे काम नीट गेलं तर पुढे सगळ्या जिल्ह्यांतून मागणी येईल.

"मैनाबाईले उद्या घरातून काढून राह्यले," अनुसयाताई सहज म्हणाल्या. "बाहुली चोरली म्हनून."

श्रुतिकाचा हात थांबला. "पण... तीच बाहुली आहे, मी सांगितलं ना."

"सांगितलं हौ. मले थोडं सिलिकॉन मिसळून द्याल? कसं सुकते ते पाहाचं हाय."

श्रुतिकानं एका डबीत थोडं मिसळून दिलं. खाली येताच अनुसयाताईंनी ते दोन झाकणांत अर्धं-अर्धं ओतलं आणि हात पुढे केला. "भाऊ, चटनी द्या."

"खाता?"

"नाही."

त्यांनी चटणीवर सुटलेलं तेल बोटाला घेऊन एका झाकणात फिरवलं. चैतरामभाऊंच्या डोळ्यांदेखत चांगल्या चटणीची नासाडी झाली आणि त्यांना कारणसुद्धा कळलं नाही.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी लांजेवारांच्या बैठकीत सगळे जमले. मैनाबाईची पिशवी भरून दाराशी ठेवलेली होती. श्रुतिकाला अनुसयाताईंनी फोन करून बोलावलं होतं. बाहुली मधल्या टेबलावर निजली होती.

"राजेंद्रभाऊ म्हन्तेत बाहुली बदलली," अनुसयाताईंनी सुरुवात केली. "पौर्निमाबाई म्हन्तेत नाही बदलली, मैनाचा दोष नाही. दोघंबी थोडे-थोडे बरोबर हायेत. आधी करंगयी पाहा. जुन्या बाहुलीची चढेल होती, हिचीबी हाय. अशी बाहुली बाजारात भेटत नाही. तो साचा जगात एकाच घरी हाय, श्रुतिकाबाईच्या. म्हनजे मैनाबाईनं रस्त्यात बदलवाची म्हटली, तरी ते दुसरी आनंन कुठून?"

राजेंद्रनं बाहुलीचा पाय उचलून करंगळी परत पाहिली.

"मंग दोनच गोष्टी राह्यल्या. एक तं हे जुनीच बाहुली हाय, वरून थर देल्लेली. नाहीतं श्रुतिकाबाईनं त्याच साच्यातून दुसरी काढली. भाऊ, आता तुमच्या नाकाले इचारा."

"माह्या?" चैतरामभाऊ दचकले.

"काल सकायपासून लसनाचा वास कुठं-कुठं आला?"

चैतरामभाऊंनी आठवलं. "मैनाबाई आली तवा आला. मंग माह्या डब्यात. इथं तं... इथं कुठून येईन, इथं लसून चालत नाही." ते थांबले. त्यांच्या डोक्यात काहीतरी हळूहळू सरकलं. "मंग मैनाबाईच्या हाताले कुठून आला?"

मैनाबाई जमिनीकडे पाहत होती.

"गुजरीतून," अनुसयाताई म्हणाल्या. त्यांचा आवाज मऊ झाला. "लेकरू घरी येनार म्हनून मैनाबाई त्या दिवशी वाटेत उतरली अन् लसून घेतला. आपल्याकडं तान्ह्या लेकराले चोळाचं तेल कसं करतेत? तिळाचं तेल, ओवा अन् लसनाच्या पाकळ्या, काळ्या होईपर्यंत कढवून. झबल्यांच्या पाठीवर त्याच तेलाचे डाग हायेत. आजीनं काल बाहुली घेतली तं पयले पालथी घातली, पाठ चोळली, हात छातीवर आडवे केले. मालीशच ते. अन् मंग म्हनल्या, कोरडं हाय."

मैनाबाईनं हात जोडले. "हौ जी. केलं मी. श्रुतिकाबाईनं सांगतलं होतं तेल लावू नका, भाऊनंबी बजावलं होतं. पन आजी रडे. म्हने, माह्या लेकराले कोनी तेल नाही लावत. तेल लावलं का हासे. मी मागच्या पडवीत लपून कढवत होती. काल सकायीबी कढवलं, पन नव्या थरावर लावाची हिंमत नाही झाली. घरात लसून आनला म्हनून भाऊ काढून देईन, म्हनून नाही बोलली."

राजेंद्र उठून उभा राहिला. कपाळावरची शीर फुगली होती. "माह्या घरात? एवढे दिवस?"

"बसा भाऊ," अनुसयाताई म्हणाल्या. "त्याच लसनानं मैनाबाई सुटून राह्यली." त्यांनी पिशवीतून दोन झाकणं काढून टेबलावर ठेवली. "श्रुतिकाबाईचंच सिलिकॉन हाय. हे साधं. यात लसनाचं तेल. बोट लावा."

राजेंद्रनं लावलं. एक सुकून रबरासारखं झालं होतं. दुसऱ्यातून बोट निघता निघेना, लांब तार आली.

"महिनोन्‌महिने लसनाचं तेल मुरलेलं त्या बाहुलीत. धुऊन ते निघत नाही. तिच्यावर नवा थर सुकूच शकत नव्हता. अन् श्रुतिकाबाई मले म्हनल्या, पयल्याच वेळी एकदम बढिया सुकला." त्या श्रुतिकाकडे वळल्या. "म्हनजे तो थर त्या बाहुलीवर नव्हता."

श्रुतिका त्या चिकट झाकणाकडे पाहत राहिली होती.

"लसूण," ती शेवटी म्हणाली. "मी तीन वेळा थर दिला. तिन्ही वेळा तसाच चिकट. मला वाटलं माझा मालच खराब झाला. कॉलेजचं काम डोक्यावर, आणि माझं सिलिकॉन सुकत नाही हे गावात पसरलं असतं तर कोण घेणार होतं? म्हणून नवीन काढली. वाटलं, आजींना काय कळणार." ती मैनाबाईकडे वळली आणि तिचा आवाज फुटला. "काल ताईंनी तुमचं सांगितलं तेव्हाच बोलायला हवं होतं. नाही बोलले. चुकलं माझं, मैनाबाई. फार चुकलं."

"अर्धी गोष्ट तुम्ही लपवली, अर्धी मैनाबाईनं," अनुसयाताई म्हणाल्या. "दोघींनं आपापलं अर्धं एकमेकींले सांगतलं असतं तं माह्यी गरजच नव्हती. जुनी कुठं हाय?"

"कपाटात होती. ती फेकवली नाही. माझ्या मुलीची पाठ आहे तिच्यावर." श्रुतिकानं सोबतची पिशवी उघडली. "फोन आला तेव्हाच समजले. चिकट थर स्पिरिटनं पुसून आणलीय. पण पाहा ना, कशी झालीये."

खरंच, पाहवत नव्हती. अंग फुगलेलं, रंग पिवळा पडलेला, पाठीवर तुकतुकीत चट्टे. टेबलावरच्या देखण्या बाहुलीशेजारी ती आजारी दिसत होती. चैतरामभाऊंना मात्र लांबूनच ओव्या-लसणाचा वास आला, आणि या वेळी त्यांना भूक लागली नाही. त्यांना त्यांची आई आठवली.

मैनाबाईनं बाहुली उचलली आणि आत नेली. सगळे मागून गेले; टेबलावरची नवी बाहुली श्रुतिकानं सोबत घेतली.

रुख्माबाईंनी ती घेतली, टाळू नाकाशी नेली, आणि त्यांचा सगळा चेहरा सैल झाला. "आलं वो माह्यं बाळ," त्या म्हणाल्या. "किती सुकलं! मैना, तेल आन."

मैनाबाई जागची हलली नाही. तिनं राजेंद्रकडे पाहिलं.

राजेंद्र दाराच्या चौकटीला धरून उभा होता. आईचा हात त्या पिवळ्या पाठीवरून वरखाली फिरत होता.

"कुठं ठेवला लसून?" त्यानं विचारलं.

"पडवीत. डब्यात."

"मी आनतो. तू ताटली घे." जाता जाता त्यानं दाराशी ठेवलेली मैनाबाईची पिशवी उचलली आणि तिच्या खोलीत नेऊन ठेवली. थोड्या वेळानं स्वयंपाकघरातून, पडवीतून नव्हे, तेल कढल्याचा वास आला. पौर्णिमानं खिडकी उघडली नाही.

आजींनी पहिला घास घेतला, मग दुसरा. तेलाची वाटी कोमट होऊन आली तशी त्यांनी बोटं बुडवली आणि चोळायला लागल्या. मध्येच त्यांची नजर श्रुतिकाच्या हातातल्या नव्या बाहुलीवर गेली.

"अन् ते कोनाचं? त्याले कोनी तेल नाही लावत?"

श्रुतिकानं हातातल्या बाहुलीकडे पाहिलं.

"तुह्यं हाय का वो पोरी? लाव मंग. कोरडं ठेवू नये लेकरू."

तेल आत मुरलं की ही कातडी परत कधीच दुरुस्त होणार नाही, हे त्या खोलीत सगळ्यात चांगलं श्रुतिकाला माहीत होतं. ती खाटेच्या कडेला टेकली, बाहुली मांडीवर पालथी घातली आणि वाटीत दोन बोटं बुडवली.

"गर्दनीलेबी लाव," आजी म्हणाल्या, आणि मैनाबाईनं पुढे केलेल्या घासासाठी त्यांनी तोंड उघडलं.